ओव्या जपणारे गुरुजी

मैत्रिणींनो, साने गुरुजींचं नाव घेतलं की आपल्याला आधी काय आठवतं? ‘श्यामची आई’! आणि त्याच्या पाठोपाठ शाळेतली प्रार्थना. सकाळी रांगेत उभं राहून, हात जोडून, शेजारणीच्या सुरात सूर मिसळून आपण ती म्हणायचो. माणसांवर प्रेम करायला शिकवणारी ती प्रार्थना गुरुजींनी लिहिली आहे, हे कित्येकींना पुष्कळ उशिरा कळतं. पण ती पाठ नाही अशी मराठी शाळेत शिकलेली बाई सापडणं कठीण.

सगळ्यांनी मिळून म्हणायची गाणी देणाऱ्या या माणसाने आणखी एक मोठं काम केलं. ते मात्र आपल्या बायकांनाच फारसं ठाऊक नाही. आपल्या आज्या-पणज्या जात्यावर ज्या ओव्या म्हणायच्या, त्या गुरुजींनी गोळा केल्या, विषयवार लावल्या आणि ‘स्त्री जीवन’ या नावाने दोन भागांत पुस्तकरूपाने आणल्या. ही गोष्ट १९४० च्या सुमाराची. ज्या गाण्यांना घरातले पुरुष बायकांचं गुणगुणणं म्हणून सोडून देत, ती गाणी एका पुरुषाने कान देऊन ऐकली आणि कागदावर उतरवली. म्हणून आज त्यांची जीवनकथा मला त्या बाजूने सांगाविशी वाटते.

गुरुजी तर आपल्या अंगणातलेच. शेजारच्या दापोली तालुक्यातलं पालगड हे त्यांचं गाव. आपल्या खेडहून ते काही फार लांब नाही. तिथे २४ डिसेंबर १८९९ रोजी पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म झाला. घराणं खोताचं. एके काळी घरात सुबत्ता होती, पण पांडुरंग मोठा होईपर्यंत ती ओसरली. कर्ज झालं, घरावर जप्ती आली, आणि ज्या घरात आई मानाने सून म्हणून आली होती ते घर तिला सोडावं लागलं. ‘श्यामची आई’ वाचताना त्या भागाशी आलं की आजही आपला आवाज कापरा होतो, कारण असं घर सुटणं कोकणातल्या किती बायकांनी पाहिलेलं असतं!

आई यशोदाबाई. तिने मुलाला पुस्तकातून काही शिकवलं नाही. रोजची कामं करता करता शिकवलं. अंघोळ झाल्यावर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून लहानगा श्याम हट्ट करतो, तेव्हा ती स्वतःचं लुगडं पसरते, आणि पायांना जसं जपतोस तसं मनालाही घाण लागू देऊ नकोस असं समजावते. डोक्यावरची मोळी खाली पडलेल्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या म्हातारीला मदत करायला ती मुलाला पाठवते. त्या काळी ब्राह्मणाच्या घरातल्या बाईने असं सांगणं ही काही साधी बाब नव्हती. या एका धड्याचं पुढे काय झालं, ते आपण पाहूच.

त्या वेळच्या कोकणातली पहाट कशी असायची, याची आजच्या मुलींना कल्पना येणार नाही. कोंबडं आरवायच्या सुमाराला घराघरातून जात्याची घरघर सुरू व्हायची. तांदूळ, नाचणी, कुळीथ... जे असेल ते घरीच दळायचं. समोरासमोर दोघी बसायच्या, खुंट्याला दोघींचा हात. एकीने ओवी धरायची, दुसरीने उचलायची. पहिली ओवी देवाला, दुसरी आईबापाला, तिसरी भावाला, असं करत करत पायलीभर दळण कधी सरलं ते कळायचंही नाही. पोर मांडीवर झोपलेलं असलं तर ते त्या सुरातच झोपायचं आणि त्या सुरातच जागं व्हायचं. गुरुजींच्या पिढीतल्या मुलांच्या कानावर पहिली कविता पडली ती अशी.

पांडुरंगाचं शिक्षण ओढाताणीतच झालं. आधी दापोलीच्या शाळेत. सुटी मिळाली की दापोलीहून पालगडला पायी यायचं. घरची परिस्थिती आणखी बिघडली तेव्हा तो औंध संस्थानात गेला, कारण तिथे गरीब मुलांची शिकायची सोय होती. स्वतःच्या हाताने रांधून खायचं आणि अभ्यास करायचा. तिथे प्लेग आला म्हणून तेही सुटलं. मग पुण्याला नूतन मराठी विद्यालय. तो पुण्यात असतानाच १९१७ साली इकडे आई गेली. शेवटची भेट झाली नाही. ही सल त्यांच्या मनातून कधीच गेली नाही. पुढच्या त्यांच्या सगळ्या लिहिण्यात आई पुन्हा पुन्हा येत राहिली, ती यामुळेच असावी.

१९१८ ला मॅट्रिक आणि पुढे पुण्याच्या न्यू पूना कॉलेजातून, म्हणजे आजच्या स. प. महाविद्यालयातून, बी. ए. झाले. तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. केलं आणि १९२४ मध्ये खानदेशात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले. तिथल्या वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. आता बघा हं, एम. ए. झालेला शिक्षक मुलांच्या खोल्या झाडायचा, त्यांचे कपडे धुवायचा, आजारी मुलाच्या उशाशी रात्रभर बसायचा! आईकडून जे मिळालं ते त्यांनी तिथे वाटलं. मुलांसाठी हाताने लिहून रोजचं एक दैनिक काढायचे. ‘विद्यार्थी’ नावाचं मासिक काढलं. मुलांना ते मास्तर वाटेनात, आईच वाटू लागले. गुरुजी हे नाव इथेच चिकटलं आणि मग ते साऱ्या महाराष्ट्राचेच गुरुजी झाले.

१९३० साली गांधीजींच्या सविनय कायदेभंगाची हाक आली. गुरुजींनी नोकरी सोडली आणि तुरुंगात गेले. आधी धुळे, मग दूर दक्षिणेतलं त्रिचनापल्ली. तिथे निरनिराळ्या प्रांतांचे सत्याग्रही एकत्र होते. गुरुजी त्यांच्या भाषा शिकू लागले, त्यांची गाणी आणि गोष्टी ऐकू लागले. तमिळमधला ‘कुरल’ हा थोर ग्रंथ त्यांनी पुढे मराठीत आणला. आपल्याच देशातल्या शेजारणीच्या घरात काय शिजतंय हे आपल्याला ठाऊक नाही, ही खंत त्यांना तिथे लागली. त्यातूनच पुढे आंतरभारतीचं स्वप्न उगवलं. प्रत्येक प्रांताने दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, तिथली गाणी म्हणावीत, असं ते स्वप्न होतं.

१९३२ मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात होते. त्याच तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत. समोर बसून गुरुजी ते भराभर उतरवून घेत. आज घरोघर असलेली ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती आली ती गुरुजींच्या त्या लेखणीमुळे. दुसऱ्याचं बोलणं मन लावून ऐकावं आणि नावाची हाव न धरता उतरवून ठेवावं, हा त्यांचा गुण इथे दिसतो. ओव्यांच्या बाबतीतही त्यांनी हेच केलं.

नंतर नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. दिवसा काम आणि उरलेल्या वेळात लिखाण. १९३५ मध्ये पुस्तक बाहेर आलं. त्यावर आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये चित्रपट काढला. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा तो पहिला चित्रपट. त्यातलं द्रौपदी आणि कृष्णाचं गाणं अत्र्यांनी लिहिलं, वसंत देसाईंनी चाल दिली आणि आशाताई भोसल्यांनी गायलं. कृष्णाच्या बोटाला बांधायला द्रौपदी भरजरी वस्त्र फाडून देते, ती गोष्ट! आजही हळदीकुंकवाला एकीने ते गाणं धरलं की बाकीच्या आपोआप सामील होतात. भावाबहिणीची माया, जी ओवीत शेकडो वर्षं गायली गेली, ती या गाण्यात पुन्हा भेटते.

आता ‘स्त्री जीवन’कडे वळू या. गुरुजींनी निरनिराळ्या भागांतल्या बायकांच्या ओव्या जमवल्या. नुसत्या जमवून थांबले नाहीत, तर आईचं लेकरावरचं प्रेम, बहीण-भाऊ, सासर-माहेर, सणवार असे त्यांचे गट पाडले आणि मधून मधून सोप्या भाषेत त्या समजावून सांगितल्या. ते वाचताना लक्षात येतं की त्यांनी पंडिताच्या नजरेने हे केलेलं नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून आईचं बोलणं ऐकणारा मुलगा जसं ऐकेल, तसं त्यांनी ऐकलं आहे.

या ओव्यांत काय नाही? दिवाळीला न्यायला भाऊ येईल का, ही काळजी आहे. सासूचा जाच आहे, पण थेट नाव न घेता, आडून सांगितलेला. नवऱ्याचं कौतुक लाजत लाजत केलेलं आहे. मुलगी झाली म्हणून तोंड फिरवणाऱ्यांना उत्तर आहे. पंढरीच्या विठ्ठलाला भाऊ म्हणून घातलेली साद आहे. ज्या बाईला घरात वर मान करून बोलायची मुभा नव्हती, ती जात्यापाशी मात्र सगळं बोलत होती. जात्याच्या घरघरीत तिचा आवाज माजघरातल्या कुणाला ऐकू जायचा नाही, आणि गेलाच तरी गाण्याला कोण काय म्हणणार? अशी ही युक्ती होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जुनं ते सगळं सोनं, असं मला म्हणायचं नाही. जातं म्हणजे कष्ट होते. गरोदरपणी, बाळंतपणातून नीट उठायच्या आत, तापात, कधीही त्यातून सुटका नव्हती. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांच्या खांद्यांना केवढा आराम मिळाला असेल! गिरणी आली हे चांगलंच झालं. पण जात्याबरोबर दोघींनी समोरासमोर बसायची जागाही गेली. दळण डब्यात भरून गिरणीत ठेवलं की काम संपलं, आणि मन मोकळं करायचं मात्र राहून गेलं. गुरुजींनी ओव्या गोळा केल्या त्या वेळी गावोगाव हा बदल नुकता लागला होता. आणखी थोडा उशीर झाला असता तर त्यातल्या कितीतरी ओव्या म्हणणाऱ्या बाईबरोबरच गेल्या असत्या.

गंमत म्हणजे, त्याच सुमाराला हजारो मैल दूर आयर्लंडमध्ये असंच एक काम चाललं होतं. तो देशही इंग्रजांच्या ताब्यातून सुटलेला. तिथल्या खेड्यांत संध्याकाळी शेजारीपाजारी एका घरी शेकोटीपाशी जमत, एकजण गाणं धरी आणि धृपदाला सगळे साथ देत. आपल्या भजनासारखंच म्हणा ना! ही गाणी आणि गोष्टी विसरल्या जाऊ नयेत म्हणून १९३५ मध्ये तिथल्या सरकारने आयोग नेमला. पुढे १९३७ ते १९३९ या काळात सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतल्या मुलांना घरच्या आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांकडून गोष्टी, गाणी, म्हणी, औषधपाणी वहीत लिहून आणायला सांगितलं. त्या वह्या आजही जपून ठेवल्या आहेत. तिकडे एक सरकार उभं राहिलं, इकडे तुरुंगाच्या आत-बाहेर करणारा एक फकीर माणूस तेच काम करत होता. त्यांनी लग्न केलं नाही, घर बांधलं नाही, पैसा जमवला नाही. जमवल्या त्या ओव्या.

गुरुजींची स्वतःची गाणीही लोकांच्या तोंडी बसली. त्यांचा ‘पत्री’ हा कवितासंग्रह इंग्रज सरकारने जप्त केला होता. बलशाली भारताचं स्वप्न सांगणारी त्यांची कविता आजही शाळेच्या मैदानावर समूहगीत म्हणून दणाणते. १९४१ मध्ये राष्ट्र सेवा दलाची स्थापना झाली. त्या मुलामुलींचे गुरुजी लाडके. सेवा दलाच्या कलापथकाने गावोगाव गाणी नेली. मुली-मुलगे एका रांगेत उभे राहून, जातपात न विचारता एका सुरात गात आहेत, हे दृश्य त्या काळच्या महाराष्ट्राला नवीन होतं. अमळनेरला शिकायला असलेला एक मुलगाही गुरुजींच्या सहवासात आला आणि पुढे शाहीर साबळे म्हणून गाजला. त्यांनी गायलेलं महाराष्ट्राचं गीत २०२३ मध्ये राज्यगीत झालं. ‘महाराष्ट्राची लोकधारा’ घेऊन त्यांनी आपली लोकगीतं शहरांच्या रंगमंचावर नेली. एका शिक्षकाच्या ओंजळीतून काय काय सांडलं, बघा!

आणि आता तो मोळीवाल्या म्हातारीचा धडा. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना प्रवेश नव्हता. आपल्याकडे तर जनाबाईची कथा घरोघर सांगतात, तिचं दळण दळायला विठ्ठल स्वतः यायचा म्हणून! मग ज्या देवाने दासीच्या जात्याला हात लावला, त्याच्याच दारात माणसांना अडवायचं? गुरुजींना हे सहन होईना. १९४७ च्या सुरुवातीला त्यांनी महाराष्ट्रभर दौरा काढला. भाषणं झाली, गाणी झाली, आणि वाटेत कितीतरी गावांतली देवळं नि विहिरी सगळ्यांसाठी खुल्या झाल्या. १ मे १९४७ रोजी पंढरपुरात त्यांनी उपोषण सुरू केलं. दहा दिवस शरीर झिजत राहिलं. अखेर मंदिर सर्वांना खुलं करण्याचं मान्य झालं आणि उपोषण सुटलं. पालगडच्या एका आईने मुलाला सांगितलेली गोष्ट थेट पांडुरंगाच्या गाभाऱ्यापर्यंत पोहोचली.

देश स्वतंत्र झाला, पण गुरुजींच्या मनाला स्वस्थता लाभली नाही. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाली. प्रायश्चित्त म्हणून गुरुजींनी २१ दिवस उपोषण केलं. त्याच वर्षी १५ ऑगस्टला त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं. ते आजही निघतं. त्यात पुतणी सुधा हिला उद्देशून त्यांनी लिहिलेली ‘सुंदर पत्रे’ वाचली तर समजतं, की पाऊस, फुलं, पाखरं आणि कोकण यांत हा माणूस किती रमायचा. पण आतून ते खचत चालले होते. ११ जून १९५० रोजी पन्नाशीतच त्यांनी स्वतः आपली जीवनयात्रा संपवली.

हे लिहिताना हात थबकतो. साऱ्या महाराष्ट्राला ज्याने मायेने जवळ घेतलं, त्याचं दुःख वेळेवर कुणाला कळलं नाही. सामाजिक काम करताना मी हे खूपदा पाहते. सगळ्यांचं ऐकणाऱ्या बाईचं कुणी ऐकत नाही. घरात ती हसतमुख असते, म्हणून ती बरी आहे असं सगळे धरून चालतात. बायकांनी ओवीतून दुःख बाहेर टाकलं म्हणून त्या तगल्या, असं मला वाटतं. आज आपल्याजवळ जातं नाही, पण बोलायला एखादी मैत्रीण, बहीण, डॉक्टर तरी असायलाच हवी. कुणी गप्प गप्प झालेलं दिसलं तर आपण होऊन तिच्याजवळ जाऊन बसावं. गुरुजींच्या आयुष्यातून मी तरी हेही शिकले.

ओव्यांचं काम मात्र थांबलं नाही. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याचे खंडच्या खंड सिद्ध केले. पुढे पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन इथलेच झालेले गी पॉइटव्हाँ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यातल्या हजारो आता ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या त्या बाईच्या नावागावासह, कित्येक तर तिच्याच आवाजात, मोबाइलवरही ऐकता येतात. जिने ओवी रचली तिचं नाव पूर्वी कधी लागायचं नाही. आता लागतं, हा केवढा बदल!

आमच्या खेडच्या बचत गटाच्या बैठकीत मी कधीकधी म्हाताऱ्या बायकांना ओवी म्हणायचा आग्रह करते. आधी त्या हसतात, सगळं विसरलं म्हणतात. मग एखादी हात असा गोल फिरवते, जणू खुंटा हातात आहे, आणि हात फिरला की ओवी आपोआप येते! एक आली की दुसरी शेजारणीला सुचते. बघता बघता कर्जाचे हप्ते बाजूला राहतात आणि सगळ्याजणी गाऊ लागतात. लावणीच्या वेळची गाणी निघतात, गौरीची निघतात, शिमग्याची निघतात. तरुण सुना मोबाइल खाली ठेवून ऐकतात.

म्हणून मैत्रिणींनो, एक विनंती. घरात सासूबाई असतील, आई असेल, शेजारी एखादी आजी असेल, तर या गौरी-गणपतीच्या दिवसांत तिच्यापाशी थोडा वेळ बसा. एक साधी शंभर पानी वही घ्या. ती म्हणेल ते तिच्याच बोलीत लिहा, शुद्ध करत बसू नका. वर तिचं नाव लिहा, तिच्या माहेरचं गाव लिहा, कुठलं काम करताना हे म्हणायच्या तेही लिहा. मोबाइल आहेच, तर आवाजही भरून ठेवा. मुलांना शाळेचा प्रकल्प हवाच असतो, त्यांनाही सोबत बसवा. आणि कधी पालगडच्या वाटेने गेलात, तर त्या मातीला नमस्कार करून या.